हदगावचा अर्ज

मराठवाडा पाहून आलेली पुण्या-मुंबईची मंडळी बहुधा वेरूळ-अजिंठ्याचे फोटो दाखवतात. भाविक असतील तर तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ आणि माहूर अशी नावे घेतात. नांदेडला जाऊन आली असतील तर गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवल्याचे कौतुकाने सांगतात. परंतु 'आम्ही हदगाव पाहून आलो' असे सांगणारे कुटुंब मला आजवर भेटलेले नाही. मी गेल्या संक्रांतीच्या सुमारास चार दिवस तिकडे राहून आलो, तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातून लगेच विचारणा झाली, "तिथं पाहण्यासारखं काय आहे हो?"

प्रश्न रास्त होता. लेण्यांसाठी किंवा किल्ल्यासाठी कोणी हदगावला जात नाही. नांदेडहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याने साठएक किलोमीटर गेले की हे तालुक्याचे गाव लागते. आणखी पुढे गेले की पैनगंगा, आणि नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. म्हणजे एका आयुष्यात इथल्या माणसाने दोन राजधान्या पाहिल्या. पाहिल्या म्हणायचे एवढेच. दोन्ही लांबच होत्या. मुंबई आजही सहाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. सरहद्दीवरच्या गावांचे हेच दुखणे असते. कुठलीही योजना तिथे पोचेपर्यंत तिला वाटेत दमायला होते.

मी गेलो तो एका अर्जासाठी. माझी एक जुनी विद्यार्थिनी, बी. ए. ला मराठी घेऊन माझ्या वर्गात बसलेली, लग्नानंतर हदगाव तालुक्यात स्थायिक झाली आहे. चार बायकांना जमवून तिने आरोग्याचे काम करणारी एक लहानशी संस्था उभी केली आहे. एका मोठ्या कंपनीकडे त्या कामासाठी अनुदान मागायचे होते. ती फोनवर म्हणाली, "सर, काम आम्हांला येतं, पण ते कागदावर मांडता येत नाही. चार दिवस काढून या." मराठीच्या प्राध्यापकाला कोणी कामासाठी बोलावण्याचे प्रसंग आयुष्यात थोडेच येतात. मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

नांदेडच्या स्थानकावर एस्. टी. मिळाली. आसना नदीचा पूल मागे पडला आणि गाडी अर्धापूरच्या वाटेला लागली. अर्धापूर म्हणजे केळीचे आगर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, त्यांच्या आडोशाला हळदीची शेते. मराठवाडा म्हणजे करपलेली जमीन अशी समजूत घेऊन निघालेल्या माणसाला इथे थोडे वरमायला होते. हे वैभव पैनगंगेवरच्या इसापूर धरणाच्या कालव्याचे आहे. कालव्यापासून दूर सरकले की तूर, कापूस आणि आभाळाकडे पाहणारी माणसे सुरू होतात. वारंगा फाट्याला रस्ता फुटतो. एक वाट हिंगोलीकडे जाते, दुसरी हदगावकडे. फाट्यावर गाडी थांबली. बोरे आणि हरभऱ्याचे डहाळे घेऊन पोरे खिडक्यांशी आली.

माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारी, तिची सून आणि सुनेच्या कुशीत धडुत्यात गुंडाळलेले तान्हे मूल होते. मूल इतके लहान की आधी मला ते गाठोडेच वाटले.

"कुठं जायलाव, गुरुजी?" म्हातारीने विचारले. माझ्या चेहऱ्यावर काय लिहिले आहे कोण जाणे, पण माझा धंदा खेड्यातल्या माणसाला लगेच ओळखू येतो.

"हदगावला. आणि तुम्ही?"

"आमी त्याच्या पल्याड, तांड्याजवळ. लेकराचं वजन भरलं न्हाई म्हून नांदेडला बारा दिस होतो. काचंच्या पेटीत ठिवलं होतं."

"आता बरं आहे ना?"

"बरं हाय. पर घरी दूध वढतंय का, अंग गरम ऱ्हातंय का, ते कोण सांगावं? म्या म्हातारी, ही कवळी पोर." मग थोडे थांबून ती म्हणाली, "येती म्हना आमची बाई काटा घिऊन. ती सांगती."

ही काटा घेऊन येणारी बाई कोण, हे मला दुसऱ्या दिवशी कळायचे होते. पण बारा दिवस काचेच्या पेटीत हे शब्द मला नांदेडच्याच एका बातमीकडे घेऊन गेले. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. चार दिवस देशभर गदारोळ झाला. औषधे किती, डॉक्टर किती, परिचारिका किती, याचे हिशेब निघाले, आणि ते निघायलाच हवे होते. पुष्कळ रुग्ण दूरदूरच्या गावांहून अगदी शेवटच्या अवस्थेत आले होते, असेही त्या वेळी सांगण्यात आले. त्या दूरदूरच्या गावांत काय होते किंवा काय नव्हते, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मागितला नाही.

* * *

संस्था म्हणजे हदगावात भाड्याची एक खोली. लोखंडी कपाट, सतरंजी, भिंतीवर गावांची नावे लिहिलेला तक्ता, आणि कोपऱ्यात खुंटीला टांगलेली स्प्रिंगच्या काट्याची झोळी. दोघीजणी पगारी आहेत. पगार किती, ते सांगताना माझी विद्यार्थिनी संकोचली आणि ऐकताना मी. बाकीच्या बायका घरचे पाहून येतील तेव्हा येतात.

दुसऱ्या दिवशी त्या दोघींपैकी एकीबरोबर मी गावांकडे निघालो. वय चाळिशीचे, नऊवारीचा काचा घट्ट मारलेला, पायांत रबरी चपला. वाटेत ती मला सरकारी व्यवस्था समजावून सांगत होती. पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर तालुक्याचे रुग्णालय, त्यावर नांदेड. आणि सर्वांच्या तळाशी हजार वस्तीमागे एक आशा कार्यकर्ती.

"मग तुमचं काम काय उरलं?" मी विचारले.

"आशाताईला एका दिवसात दोन तांडे आन् एक गाव व्हत न्हाई, गुरुजी. तिला कागदं बी लई. जिथं तिचा पाय पोचत न्हाई तिथं आमचा."

गाव आले तेव्हा ऊन चढले होते. गावच्या आशाताई आमची वाटच पाहत होत्या. दोघी मिळून एका घरात शिरल्या आणि पाहतो तो काल गाडीत भेटलेली म्हातारी! तिच्या 'बाई'चा उलगडा झाला. हात साबणाने धुऊन, कोरडे करून तिने बाळाला अलगद झोळीत ठेवले, काटा डोळ्यांसमोर धरून वाचला, आशाताईंनी आकडा लिहून घेतला. मग बाळाच्या अंगाला हात लावून पाहणे, श्वास मोजणे, आई दूध कसे पाजते ते पाहणे. त्या कोवळ्या मुलीला तिने मूल उघड्या छातीशी धरायला शिकवले आणि वरून लुगड्याचा पदर गुंडाळला. काचेची पेटी ज्यासाठी लागते ती ऊब आईच्या अंगात फुकट मिळते, हे त्या पोरीला कोणी समजावून सांगितले नव्हते. सारा प्रकार अर्ध्या तासाचा. यंत्र म्हणावे असे त्यात एक काटा, एक थर्मामीटर आणि एक घड्याळ.

वाचकहो, या अर्ध्या तासाचा इतिहास मोठा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. पुढे १९९५ पासून त्यांनी ३९ गावांतल्या साध्या बायकांना नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने तो अहवाल छापला, आणि २०११ पासून भारत सरकारने ही पद्धत देशभरच्या आशांच्या हाती दिली. मूल दवाखान्यात जन्मले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येते. घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही. गडचिरोलीच्या त्या कामाला फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकेतल्या प्रतिष्ठानांचे अनुदान होते. जंगलातल्या एका संस्थेला मिळालेले पैसे पंधरावीस वर्षांनी हदगाव तालुक्यातल्या एका झोपडीत झोळी होऊन येतात. अनुदान या रुक्ष शब्दात एवढे काही असू शकते, हे मला त्या घरात उमगले.

* * *

रात्री अर्ज घेऊन बसलो. अर्ज इंग्रजीत भरायचा होता. आधी मराठीत लिहून मग भाषांतर करायचे असे ठरले. पण अर्जाच्या आधी संस्थेची कुंडली पाहावी लागते. १८६० च्या कायद्याखाली नोंदणी, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद, आयकराचे '१२ अ' आणि '८० ग', शिवाय कंपन्यांचा पैसा हवा तर १ एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकारकडे आणखी एक नोंदणी. '१२ अ' आणि '८० ग' हे मला आधी एस्. टी. च्या फलाटांचे क्रमांक वाटले होते. या बाईने मात्र एकेक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर तारीख लिहून, नव्या साडीसारखा जपून ठेवला होता. हिशेबही दरवर्षी तपासलेले.

देशात पैसा कमी आहे असे नव्हे. २०१४ च्या एप्रिलपासून मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्चावे लागतात, आणि आरोग्य हा त्यातला एक मान्य विषय आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला ७०,०५१ कोटी रुपये सुचवले. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगावी आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समिती नेमली आणि तिच्या हाती वर्षाकाठी १०,००० रुपयांचा अबंधित निधी ठेवण्याचे ठरवले. अबंधित म्हणजे गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्चावा असा. मला त्या सबंध कागदपत्रांत हा एकच शब्द मनापासून आवडला.

मग अडते कुठे? अडते ते गंगेचे पाणी ओंजळीत येण्यापाशी. पूर्वी परदेशी मदत मिळवणाऱ्या मोठ्या संस्था त्यातला काही भाग आपल्या विश्वासातल्या लहान संस्थांना देत. मोठ्यांनी दिल्ली-मुंबईचे कागद सांभाळायचे, धाकट्यांनी गाव सांभाळायचे, अशी ती विभागणी होती. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. तेव्हापासून एका संस्थेने दुसरीला असा पैसा देणे बंद झाले, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. गैरव्यवहार रोखण्याचा हेतू सांगण्यात आला, आणि गैरव्यवहार कुठेच नव्हते असे कोणी म्हणणार नाही. परंतु बांध घातला की चोरवाटेबरोबर पाटही बंद होतो. जिला स्वतः अर्ज करता येत नाही अशी संस्था त्या दिवसापासून कोरड्या शेतात उभी राहिली.

आता अर्ज. किती लाभार्थी? दरमाणशी खर्च किती? तीन महिन्यांत कोणता बदल दिसेल? फलक कुठे लावणार? शिबिरे किती घेणार? वजनकाटे, रक्त तपासण्याची साधने, छापील पत्रके यांना भरपूर जागा होती. 'मानधन व प्रवास' या रकान्यापाशी मात्र बारीक अक्षरांत सूचना होती, की ही रक्कम शक्य तितकी कमी असावी.

"सर," ती म्हणाली, "आमचं सगळं काम म्हणजे मानधन आणि प्रवासच आहे. काटा एकदा घेतला की दहा वर्षं पुरतो. पण काटा चालत नाही ना? तो घेऊन चालणारी बाई लागते."

मी वाक्य तसेच्या तसे उतरून घेतले. पंचवीस वर्षे मुलांना वाक्यरचना शिकवूनही मला याहून नेटके वाक्य करता आले नसते.

शिबिराचे आकर्षण मी समजू शकतो. एका दिवसात चारशे माणसे तपासली जातात, मंडप असतो, फोटो निघतात, पाहुण्यांना नारळ देता येतो. पण रक्त कमी असलेल्या मुलीला तीन महिने रोज गोळी घ्यावी लागते. क्षयाच्या साध्या रुग्णाला सहा महिने. दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागले की तो गोळ्या सोडतो, कापूस वेचायला परगावी जातो, आणि दुखणे दुप्पट होऊन परतते. त्या दिवशी दारात जाऊन 'का रे बाबा, आजची गोळी घेतली का?' असे विचारणाऱ्या माणसाचा फोटो कोण काढणार?

शेवटच्या पानावर एक प्रश्न होता : 'अनुदान संपल्यानंतर काम कसे चालू राहील?' त्यापाशी आम्ही दोघेही थांबलो. रात्र बरीच झाली होती. मी माझ्या वाचनातली उदाहरणे सांगू लागलो. तिला ती माझ्याहून अधिक ठाऊक होती.

जामखेडचे काम घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे सुरुवात केली. मदत बाहेरचीही होती. पण त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती, पुष्कळशा दलित वस्तीतल्या. त्यांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे जगभरची माणसे हे काम पाहायला जामखेडला येऊ लागली. लातूरला डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली विवेकानंद रुग्णालय सुरू केले. याच नांदेड जिल्ह्यात किनवटच्या डोंगराळ भागात डॉ. अशोक बेलखोडे यांनी साने गुरुजी रुग्णालय उभे केले. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या 'हॅलो'ने खेड्यातल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडे जगभरातून मदतीचा लोंढा आला. लोंढा ओसरतोच. मागे राहतात त्या तिथेच घर केलेल्या संस्था.

आणि सेवाग्राम! तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी आरोग्यविमा सुरू केला तो चक्क ज्वारीवर. सुगीला प्रत्येक घराने ज्वारी द्यायची. जमीनदाराने अधिक, मजुराने कमी. निम्मीशिम्मी नव्हे, गावातली बहुतेक घरे सामील झाली तरच गावाला योजना मिळणार. आजारी पडल्यावर मात्र सर्वांना उपचार सारखा.

"ज्वारी," ती एकदम म्हणाली. "सर, उद्या कर आहे. उद्या अर्ज नको. उद्या तामशाला जाऊ."

* * *

तामसा हे हदगाव तालुक्यातलेच बाजारपेठेचे गाव. तिथे बारालिंग महादेवाचे देऊळ आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, तिथे भाजी-भाकरीची पंगत बसते. तिला आमंत्रण नसते. आसपासच्या गावांतून घरोघरच्या भाकरी येतात. कोणाची ज्वारीची, कोणाची बाजरीची, कोणाची पातळ, कोणाची हाताएवढी जाड. हंगामात जी जी भाजी मिळेल ती सारी एका ठिकाणी शिजते. वांगी, टोमॅटो, कोबी, मेथी, पालक, गाजर, हरभऱ्याचा पाला, सगळे एकाच कढईत. पाकशास्त्राच्या पुस्तकात असला पदार्थ बसणार नाही. हजारो माणसे ओळीने मातीवर बसतात. माझ्या एका बाजूला कापसाचा व्यापारी होता, दुसऱ्या बाजूला सालगडी. वाढणारा कोण, कोणत्या घरचा, हे कोणी विचारत नव्हते.

भाकरीचा पहिला घास घेतला आणि सांगतो, त्या भाजीला जी चव होती ती कुठल्याही एका भाजीची नव्हती.

आमच्या समोर एक वयस्क बाई जेवत होत्या. मी सहज विचारले, "मावशी, ही एवढी भाकरी कोण मोजतं? कमी पडली तर?"

"मोजायला काय ती इकायची हाय?" त्या म्हणाल्या. "ज्याच्या घरी चूल पेटती त्याची भाकर येती. पाच येऊ दे न्हाईतर पन्नास. आपुन आपली आनली म्हंजे कमी पडत न्हाई."

मला भाबडेपणा करायचा नाही. वर्षातला एक दिवस जेवू घालणे वेगळे आणि तीनशे पासष्ट दिवस दुखण्याची राखण करणे वेगळे. लोकवर्गणी हे सरकारने हात झटकण्याचे निमित्त होऊ नये. रुग्णालये, डॉक्टर, औषधे ही सरकारची जबाबदारी आहे. ती भाकरीवर ढकलता येणार नाही. काचेची पेटी तामशाच्या पंगतीतून मिळायची नाही. पण ते मूल पेटीतून घरी आल्यावर चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी कोणी तरी दारात उभे राहायला हवे, आणि ते माणूस त्याच मातीतले हवे. त्याच्या पोटाची सोय कोणी तरी, सतत, न मोजता करायला हवी. अनुदान हे विरजणासारखे आहे. विरजणाशिवाय दूध नासते, पण नुसते विरजण वाटीभर आणून ठेवले तर त्याचे दही होत नाही. दूध घरचेच लागते.

त्या रात्री आम्ही शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहिले. ते असे होते : 'काम चालू राहील, कारण काम करणाऱ्या इथेच राहतात. बाहेरून आम्हांला तीन वर्षे चालणाऱ्या पायांचा खर्च हवा. त्या तीन वर्षांत आम्ही गावांकडून सुगीला धान्य आणि बचत गटांकडून वर्गणी मिळवायला सुरुवात करू. ती सगळा खर्च भागवणार नाही, पण काम आपले आहे हे गावाला तिच्यामुळे कळेल.' मानधनाच्या रकान्यात आम्ही खरा आकडा लिहिला. तो कमी करण्याची सूचना मी मराठीतून वाचली आणि पुढे गेलो.

उत्तर उन्हाळ्यात आले. काटे आणि तपासणीच्या साधनांची सारी रक्कम मंजूर, मानधनाची निम्मी, मुदत तीन वर्षांऐवजी एक. दोन्ही पगारी बायकांनी आपसांत ठरवले, की एकीने घरी बसण्यापेक्षा दोघींनी निम्म्यावर राहायचे. खरीप हाती आल्यावर दोन गावांनी धान्य दिले, तिसऱ्याने अजून दिलेले नाही. म्हातारीच्या नातवाचे वजन मात्र भरले आहे. तो आता झोळीत मावत नाही, असे पत्रात आहे.

दिवाळीच्या तोंडावर ही हकीकत सांगण्याचे कारण आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांना अनुदान हा प्रकार नवा नाही. पैसा फंडाने तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी भाऊबीज निधीचे कार्यकर्ते दारोदार गेले आणि आपल्या आज्या-पणज्यांनी डब्यातले पैसे काढून त्यांना दिले. ते पैसे शिबिराला नव्हते, फलकाला नव्हते. संस्था चालावी म्हणून होते, आणि दरवर्षी होते.

तुमच्या गावाकडे, आजोळी, नोकरीनिमित्त कधी राहिलात त्या तालुक्यात अशी एखादी खोली, एखादी झोळी, अशा दोघी बायका असतीलच. त्यांची नोंदणी पाहा, तपासलेले हिशेब मागा. त्या आनंदाने दाखवतील. मग जे द्यायचे ते चालणाऱ्या पायांसाठी द्या, आणि एकदाच मोठे देण्यापेक्षा थोडे का होईना, पाच वर्षे द्या. भाऊबीज ताटात टाकताना कोणताही भाऊ बहिणीला विचारत नाही, की या पैशांतून तीन महिन्यांत तू मला काय करून दाखवशील.